डोरिसमधली रिकामी सीट

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी, त्यामुळे यातलं सगळं खरं असणार.

डोरिसची नवी इंजिनं आली! दोन्ही. भल्यामोठ्या खोक्यांतून. एका खोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. फोटो बघून वाटतं की इंजिन मीच डिझाइन केलंय. असू दे.

डोरिस म्हणजे आमच्या हँगरमधलं हेलिकॉप्टर. माणसं आणि माल वाहणारं, बसएवढं लांबलचक. जन्म १९७४. आधी सैन्यात, मग नॉर्थ सीमधल्या तेलाच्या रिग्जवर माणसं पोचवायच्या ड्युटीवर, मग पंधरा वर्षं कुठल्याशा शेडमध्ये धूळ खात. लीड्सबाहेरची आमची कंपनी हेच करते. असली म्हातारी हेलिकॉप्टरं आणायची, पार सांगाड्यापर्यंत सोलायची, गंजलेलं कापून नवं बसवायचं, वायरिंग सगळं बदलायचं, कॉकपिटमधले काटे काढून स्क्रीन लावायचे, आणि शेवटी दोन कोरी करकरीत इंजिनं. हलकी, ताकदवान, कमी पिणारी. मग म्हातारी पुढची तीस वर्षं उडायला मोकळी.

यात माझं काम सगळ्यात महत्त्वाचं. मी मेन्टेनन्स मॅन्युअल लिहितो. कुठला बोल्ट किती पिळायचा, कुठल्या झाकणाखाली काय आहे, सगळं. लोकांना वाटतं हेलिकॉप्टर मेकॅनिक लोक बनवतात. बनवत असतील. पण कशात बघून बनवतात?

आज अचानक लक्षात आलं, मीसुद्धा १९७४चाच! अंगावर काटा आला. घरी येऊन मनीषाला सांगितलं. मनीषा माझी बायको, इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, स्वभावाने जरा रुक्ष. म्हणाली, डोरिसने पंधरा वर्षं काही खाल्लं तरी नव्हतं.

७ ऑगस्ट

ग्लेनिसने मीटिंग घेतली. ग्लेनिस आमची चीफ टेस्ट पायलट. यॉर्कशायरची, साठीला टेकलेली, बोलते कमी. तिने सांगितलं की सगळ्या टेस्ट होऊन परवानगी मिळाली की पुढच्या मेमध्ये फॅमिली डे. सगळ्यांच्या घरच्यांना बोलावणार, डोरिस त्यांच्यासमोर उडणार, आणि मागची एक सीट स्टाफमधल्या एकाला मिळणार.

एक सीट! म्हणजे नाव ठरलंच. चौदाशे पानांचं मॅन्युअल लिहिणारा माणूस कंपनीत एकच आहे.

मीटिंगनंतर ग्लेनिसला गाठून इच्छा सांगितली. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मधल्या भागात जरा थांबली. म्हणाली, नवी इंजिनं हलकी आहेत, त्यामुळे डोरिसचा तोल बदललाय. त्या सीटवर बूट-कपड्यांसकट ब्याऐंशी किलोच्या वरचा माणूस चालणार नाही. त्याच्या आत असलास तर बघू.

म्हणजे हो म्हणाली.

घरी वजन केलं. चौऱ्याण्णव. ठीक आहे. मेपर्यंत नऊ महिने आहेत. नऊ महिन्यांत लोकांना मुलं होतात.

८ ऑगस्ट

प्लॅन तयार. स्प्रेडशीटमध्ये, रंगीत. जी पद्धत डोरिसला तीच मला. फेज एक, सोलणे. फेज दोन, गंज काढणे. फेज तीन, नवं इंजिन. ईशिताने स्प्रेडशीट बघितली. ईशिता माझी मुलगी, सोळा वर्षांची, जन्म लीड्सचा. तिने विचारलं, बाबा, तुझी नवी इंजिन कुठून येणार? तिच्या मराठीकडे लक्ष द्यायला हवं. तेही प्लॅनमध्ये घातलं. पिवळ्या रंगात.

१० ऑगस्ट, रविवार

फेज एक सुरू. घरातलं फरसाण, शेव, चकल्या, सगळं हद्दपार. अन्न टाकणं बरं नाही म्हणून संपवलं. आता कपाट एकदम स्वच्छ.

उद्यापासून धावणे.

११ ऑगस्ट

पाऊस.

२४ ऑगस्ट, रविवार

आईशी व्हिडिओ कॉल. आई नागपूरला असते, एकटीच, शाळेतून रिटायर झाल्याला बरीच वर्षं झाली. आज म्हणाली, मुरली, तू तिकडे नेमकं काय करतोस ते मला अजून कोणाला धड सांगता येत नाही बघ. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं की तो हेलिकॉप्टरसाठी पुस्तकं लिहितो. तर सेक्रेटरी विष्णूकाका म्हणाले, का हो आशाताई, हेलिकॉप्टर वाचतं का? सगळे हसले.

आई हसत हसतच सांगत होती. मला मात्र लागलं. फार लागलं. तिने उन्हातान्हात शाळा करून मला इंजिनिअर केलं आणि तिला चार लोकांत सांगायला एक वाक्य नाही.

म्हणून सांगून टाकलं. मेमध्ये आमचं हेलिकॉप्टर उडेल तेव्हा मी आत असणार, पायलटच्या जवळ. आईने पदर घेतला. मग डोळे पुसत म्हणाली, म्हणजे तू चालवणार?

तेवढ्यात नेटवर्क गेलं. म्हणजे जाईल असं वाटलं, म्हणून मीच कॉल कट केला.

२५ ऑगस्ट

सोसायटीच्या ग्रुपवर विष्णूकाकांनी टाकलंय: आपल्या सोसायटीचे सुपुत्र कॅप्टन मुरलीधर यांचे हार्दिक अभिनंदन. खाली बत्तीस नमस्कार आणि एक विमान. पुढच्या नागपूर भेटीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार. युनिफॉर्ममधला फोटो बॅनरसाठी त्वरित पाठवणे.

आईने तर मेचं तिकीटच काढलं. डोळ्यांनी बघणार म्हणते.

हे दुरुस्त करायला हवं. उद्या करतो.

२७ ऑगस्ट

गणपती. डाएट स्थगित, धार्मिक भावनांचा प्रश्न आहे. इथल्या मराठी मंडळात फक्त दोघांना उड्डाणाबद्दल सांगितलं, आणि दोघांनाही कुठे बोलू नका असं बजावलं. प्रसादाच्या रांगेत तिसऱ्याने अभिनंदन केलं. लोकांच्या पोटात काही राहत नाही. माझ्या पोटात नऊ मोदक राहिले.

३० सप्टेंबर

इंजिनं डोरिसवर चढली! काय दिसते! मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या. हाच आजचा व्यायाम.

परवा दोन्ही इंजिनं पहिल्यांदा जमिनीवर चालू करून बघणार. परवा काय आहे? दसरा! आणि उद्या खंडेनवमी! यंत्रांच्या पूजेचा दिवस! हँगरमध्ये हे फक्त दोघांना माहीत. एक मी, दुसरा शार्दूल. शार्दूल पुण्याचा, तिशीतला, डोरिसच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर बघतो. त्याला माझा बेत सांगितला. तो म्हणाला, मुरलीदादा, तुम्ही मनातल्या मनात करा ना. अगदीच राहवत नसेल तर लांबून फूल वाहा. अक्षता मात्र नको हं, हँगर आहे.

पुणेरी लोकांना सगळं मनातल्या मनात करायची सवय असते.

१ ऑक्टोबर

पूजा झाली. मन भरून आलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो. बाबा नागपूरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. खंडेनवमीला ते आपलं लेथ मशीन असं चकाचक पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचे नाहीत. मशीनलाही सुट्टी. आज बाबा हवे होते. नवी इंजिनं बघून त्यांनी टोपी काढली असती.

झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटमधली शेवंती नेली. हळदकुंकू लावलं, पुसता येईल अशा बेताने. नारळ फोडला नाही. इथे जबाबदारीचा प्रश्न येतो. हँगरमध्ये फॉड नावाचा एक भयंकर प्रकार असतो. फॉड म्हणजे सुटं पडलेलं काहीही, स्क्रू, नाणं, पेनाचं टोपण. इंजिनाच्या तोंडात गेलं की आतल्या पात्यांचं वाटोळं. मॅन्युअलमधलं फॉडचं प्रकरण मीच लिहिलंय, मला कोण शिकवणार. म्हणून नारळ नुसता दाखवला आणि परत पिशवीत ठेवला.

मग अक्षता. कुंकवात घोळवलेल्या, छान गुलाबी. उद्याच्या तयारीसाठी इंजिनांच्या तोंडावरची लाल झाकणं काढलेलीच होती. मला तो शुभशकुन वाटला. डोळे मिटून मंगलमूर्ती मोरया म्हटलं आणि उधळल्या.

चिमूटभरच. दोन मुठी.

२ ऑक्टोबर, दसरा

इंजिनं चालू झाली नाहीत.

चालू करायच्या आधी तोंडात बॅटरी मारून बघायची पद्धत आहे (मॅन्युअल, माझंच). बघितलं. आत गुलाबी तांदूळ. मग सगळं ठप्प. इंजिनाच्या पोटात वाकड्या नळीचा कॅमेरा घालून दाणा-दाणा शोधणं सुरू. माणसं चिमटे घेऊन इंजिनांवर आडवी पडली आहेत.

दुपारी ग्लेनिस कॅन्टीनमध्ये आली. हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत सात-आठ अक्षता. तिने शांतपणे सगळ्यांना विचारलं, हे काय आहे कोणी सांगू शकेल का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही सगळ्यांकडे बघितलं. शार्दूल स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मला अजून कळत नाही की इतक्या लोकांत त्यांना माझाच संशय का यावा. ही सरळ सरळ एक प्रकारची वृत्ती आहे.

संध्याकाळी. मनीषाने दार उघडल्या उघडल्या विचारलं, कपाळावर एवढा मोठा टिळा लावून ऑफिसला गेला होतास?

३ ऑक्टोबर

ग्लेनिसचा प्रश्न: एकूण दाणे किती टाकले? सगळे मिळाले की नाही हे कळल्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही.

शास्त्रीय पद्धतीने काम केलं. डायनिंग टेबलावर मूठभर तांदूळ घेऊन मोजले. मग ईशिताने मोजले. मग मनीषाने, शिव्या देत. तीन मुठी, तीन आकडे. सरासरी काढून ग्राफसकट ग्लेनिसला ईमेल केली. तिने उत्तरात फक्त थँक्स लिहिलं. ग्राफ तिला आवडलेला दिसतो.

२० ऑक्टोबर

दिवाळी. इंजिनं उघडून, साफ करून पुन्हा बसवताहेत. मला हँगरमधल्या पिवळ्या रेषेच्या पलीकडे जायची बंदी. शिवाय फॉडचं ट्रेनिंग पुन्हा. ट्रेनर बाई माझ्याच प्रकरणातली वाक्यं मला वाचून दाखवत होत्या. काय सुंदर वाक्यं आहेत! दोनदा मी पुढचं वाक्य त्यांच्या आधी म्हटलं.

धोकादायक वस्तूंच्या यादीत मला माझ्याच हाताने एक ओळ वाढवावी लागली: तांदूळ, कच्चा, साधा किंवा रंगीत. म्हणजे आजवर यादीत तांदूळ नव्हता. म्हणजे मी नियम मोडलेला नाही. उलट माझ्यामुळे नियम सुधारला.

ग्लेनिसला हळूच विचारलं, सीटचं काय? म्हणाली, सीट वजनावर ठरेल, तांदळावर नाही. किती न्यायी बाई आहे!

३ नोव्हेंबर

इंजिनं चालू झाली. पिवळ्या रेषेच्या अलीकडून ऐकलं. आधी शिट्टीसारखा आवाज, मग असा काही घुमला की छातीत थरथरलं. एकावन्न वर्षांची बाई आणि असला आवाज! मी ओरडलो, टाळ्या वाजवल्या, शार्दूलला मिठी मारली. त्याचा चहा सांडला.

वजन: दिवाळीनंतर लगेच करत नाहीत.

१२ डिसेंबर

डोरिस जमिनीवरून उठली. कमरेइतकीच, पण उठली! ग्लेनिसने तिला वर धरलं आणि परत अलगद ठेवलं. मला रडू आलं. शार्दूल म्हणाला, दादा, थंडी आहे, डोळ्यांत वारा जातो. वाराबिरा काही नाही. मी रडलो.

आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, तू होतास ना आत? म्हटलं, आज नाही, आज जवळच होतो. जवळच होतो हे खरं आहे. मध्ये फक्त रेषा होती.

१ जानेवारी २०२६

नवं वर्ष. फेज दोन सुरू (फेज एक पूर्ण झाल्याचं गृहीत धरून). कौन्सिलच्या लीझर सेंटरची, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या तलाव-जिमची, मेंबरशिप घेतली. पोहण्याने सगळ्या अंगाला व्यायाम होतो.

९ जानेवारी

पोहलो. नंतर इतकी भूक लागली की गाडीतच पेस्टी (इथला भलामोठा मटण पॅटिस) खाल्ली. मग दुसरी, पहिली एकटी पडू नये म्हणून.

१५ फेब्रुवारी

वजन पंचाण्णव. हे शक्यच नाही. माणूस पोहतो, जिना चढतो, आणि काटा वर? घरचा काटा बिघडलाय. आमच्या धंद्यात कुठलंही मोजमापाचं यंत्र तपासून घेतल्याशिवाय वापरत नाहीत. काटा उद्या ऑफिसच्या लॅबमध्ये नेतो.

१८ फेब्रुवारी

लॅबचा रिपोर्ट आला. काटा बिघडलेलाच होता. मी म्हणत नव्हतो? दोन किलो कमी दाखवतो.

रिपोर्ट फाडला.

१४ एप्रिल

डोरिसच्या सगळ्या टेस्ट पास! माणसं न्यायची परवानगी आली! कॅन्टीनमध्ये केक. तिच्या यशाचा केक नाकारणं मला जमलं नाही.

फॅमिली डे ३० मे. अजून दीड महिना आहे. डोरिसची इंजिनं तर एका आठवड्यात बसली होती. शेवटच्या टप्प्यात वजन भराभर उतरतं असं कुठेतरी वाचलंय.

९ मे, शनिवार

आई आली. मँचेस्टर एअरपोर्टवर जांभळ्या स्वेटरमध्ये एवढीशी दिसत होती. दोन बॅगा: एकीत तिचे कपडे, दुसरीत नुसतं खायचं. मला बघताच म्हणाली, किती वाळलास रे मुरली.

जगात मला खरं ओळखणारं एकच माणूस आहे.

१३ मे

गोळाभात. काल पाटवडीचा रस्सा. आज परत गोळाभात. आईला नको म्हणवत नाही, ती म्हणते, पायलटच्या अंगात ताकद पाहिजे. मनीषा माझ्याकडे बघते. मी भाताकडे बघतो.

आईला सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. तिने आज माझ्या शर्टाला इस्त्री करताना विचारलं, उडताना भीती नाही वाटत का रे तुला? काय सांगू? म्हटलं, सवय होते.

रविवारी सांगतो.

१७ मे, रविवार

मंडळाचं स्नेहभोजन होतं. पुढच्या रविवारी.

२८ मे

ग्लेनिसने सीट मागणाऱ्यांच्या यादीतल्या सगळ्यांचं वजन केलं. हँगरमधला मोठा काटा. मी सकाळपासून पाणीही प्यालो नव्हतो. बेल्ट काढला, घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, चष्मा काढला. आकडा काय आला ते चष्मा नसल्यामुळे मला दिसलं नाही. ग्लेनिसने वाचून दाखवला. अठ्ठ्याण्णव.

काट्यावर उभं राहूनच विचारलं की डोरिसमधलं दुसरं काही काढून जमेल का. तिने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मर्ली, काढण्यासारखं सगळं आम्ही काढलंय.

सीट शार्दूलला. एकाहत्तर किलो. त्याने अर्जसुद्धा केला नव्हता, त्याला नुसतं काट्यावर उभं केलं.

आणि पिवळ्या रेषेमुळे माझी फॅमिली डेची ड्युटी कार पार्किंगला. म्हणजे ट्रॅफिक मॅनेजमेंट लीड.

आई बाहेरच्या खोलीत परवाच्या फोटोसाठी साडी काढून ठेवतेय. तिला सांगायला गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. मला आज स्वतःचीच लाज वाटतेय.

२९ मे

प्लॅन! साधा, सुटसुटीत. आई प्रेक्षकांत लांब बसणार. तेवढ्या अंतरावरून आत कोण आहे हे कोणाच्या बापालाही दिसत नाही. डोरिस उडाली की मी पार्किंगच्या टोकाला, पोर्टेबल टॉयलेटच्या मागे जाऊन बसायचं. उतरली की कानांवरचे ते मोठे हेडफोन गळ्यात अडकवून हँगरच्या बाजूने हळूहळू चालत यायचं. थोडा थकलेला चेहरा. एक शब्दही खोटं बोलावं लागत नाही.

हेडफोन ईशिताचे. ती म्हणाली, बाबा, हा आयडिया खूप वाईट आहे, पण मी व्हिडिओ काढणार.

३० मे, शनिवार. सकाळी.

ऊन! यॉर्कशायरमध्ये ऊन! पिवळं चमकणारं जॅकेट मिळालं. पार्किंगचा आराखडा मी कालच काढला होता: ओळी, अंतरं, आत येणारे, बाहेर जाणारे. कामच असं केलं की एकही हॉर्न वाजला नाही. एक आजोबा म्हणाले, इतकं शिस्तीचं पार्किंग आयुष्यात बघितलं नाही.

आई, मनीषा आणि ईशिता आल्या. आईला म्हटलं, मी जरा तयारीला जातो. तिने माझं जॅकेट नीट केलं आणि डोक्यावरून हात फिरवला. शार्दूलही तिथेच होता, टेन्शनमध्ये. आईने त्याला सांबारवड्यांचा, म्हणजे आमच्या नागपुरी कोथिंबीर भरलेल्या तळणीच्या वड्यांचा, डबा उघडून दिला. टेन्शनमध्ये तो खूप खातो असं दिसलं.

दुपारी. टॉयलेटच्या मागे.

इथे बसून लिहितोय. वास आहे, पण सावलीही आहे. डोरिसची इंजिनं चालू झाली. अहाहा! पाती फिरताहेत. उठली! गवत आडवं झालं! लोक ओरडताहेत! मीही ओरडलो, मग तोंड दाबलं.

काय डौल आहे म्हातारीचा. वर गेली, वळली. एक चक्कर हँगरवरून.

आता पार्किंगकडे येतेय.

का येतेय?

डोक्यावर आली. माझ्याभोवती गोल फिरतेय. टॉयलेटचं दार आपोआप उघडलं, आतल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. परत एक गोल. मागच्या खिडकीतून कोणीतरी जोरजोरात हात हलवतंय.

जांभळा स्वेटर.

संध्याकाळी.

झालं ते असं. आयत्या वेळी शार्दूलच्या पोटात ढवळलं, सांबारवड्या फार झाल्या होत्या. तो मागे हटला. ग्लेनिस हलक्या माणसाच्या शोधात इकडेतिकडे बघत होती, समोर आई. ईशिताने ओळख करून दिली, विचारलं, आजी, तू जाणार का? आई म्हणाली, मुरली आहे ना आत, मग मला कसली भीती. काट्यावर शालीसकट शेहेचाळीस. ग्लेनिसने तिला स्वतः हाताला धरून चढवलं, पट्टे बांधले, कानांवर हेडसेट दिला. खरा.

आत गेल्यावर आईने सगळीकडे बघितलं. मी नव्हतो. वर गेल्यावर मी दिसलो. टॉयलेटच्या मागे, पिवळ्या जॅकेटमध्ये, वहीत काहीतरी लिहिताना. तिनेच ग्लेनिसला बोट दाखवलं आणि म्हणाली, दॅट इज माय सन, प्लीज गो नियर.

गाडीत मी समोर बघून गाडी चालवत होतो. मनीषा खिडकीबाहेर बघत होती, तिचे खांदे हलत होते. मी सुरुवात केली की आई, ते असं आहे की. तिने मधेच थांबवलं. म्हणाली, अरे, किती छान वाटलं वरून! त्या चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमचा मुलगा इथे काय करतो म्हणाला? मी खाली बघितलं, आणि सांगितलं, पार्किंग. इतक्या गाड्या आणि एक वाकडी नाही, सगळ्या ओळीत, पट्टीने आखल्यासारख्या. तुझे बाबा असेच काम करायचे. मला सरळ सांगायचं ना रे. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मॅन्युअलचं सांगायला तोंड उघडलं. चौदाशे पानं. तिचा चेहरा आरशात दिसत होता, इतका आनंदी. तोंड बंद केलं.

३१ मे, रविवार

आईने सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलंय. हेलिकॉप्टरमधला तिचा फोटो, ग्लेनिसबरोबर. खाली माझा, ईशिताने काढलेला, गाडीला हात दाखवताना. मजकूर असा की मी स्वतः उडून आले, आणि आपला मुरली तिथे अख्खं पार्किंग एकटा सांभाळतो, साहेब लोकही त्याचं ऐकतात.

शाल-श्रीफळ आता आईला. बॅनर बदलायला टाकलाय.

विष्णूकाकांचा मला वेगळा मेसेज आला. पर्सनल. अभिनंदन. आमच्या नकुलचं बी.कॉम. झालंय, उंची चांगली आहे, आवाजही मोठा आहे. तिकडे पार्किंगमध्ये एखादी व्हेकन्सी असल्यास कळवणे.

लिहिलं, विचारून सांगतो.